नागपुरात बर्डीवर (सीताबर्डी) रस्ता ओलांडताना ७४ वर्षांच्या बाबांना दुचाकीचा धक्का लागला. जखम दिसत नाही, तरी दवाखान्यात न्यावं का?

हो, आजच न्या. "काही नाही झालं" असं ते म्हणतीलच. पण डोकं आपटलं असेल तर या वयात आतला रक्तस्राव कधी दोन-तीन आठवड्यांनीही कळतो: डोकेदुखी, गुंगी, चाल अडखळणं. रक्त पातळ करायची गोळी सुरू असेल तर धोका आणखी, म्हणून औषधांची चिठ्ठी सोबत घ्या. पाय टेकवत नसतील तर चालवू नका, खुबा मोडलेला असू शकतो; १०८ला फोन करा.

आणि सिग्नलचं गणित: पायी रस्ता ओलांडायचा वेळ साधारण सेकंदाला १.२ मीटर चाल धरून ठरवतात. बाबा ०.८ने चालत असतील तर २४ मीटरच्या रस्त्याला २० नाही, ३० सेकंद लागतात. वर्धा रोडवर तर पायी चालणाऱ्यांचा दिवा नुकताच हिरवा झाला तरच निघावं.