सूर-विचारणा : एकाच गाण्याच्या वीस मैफली कशाला?

प्रश्न – माझे मामा गेल्या दिवाळीत वारले. त्यांच्या कपाटात किंग क्रिमसन या ब्रिटिश रॉक बँडचा ‘फ्रेम बाय फ्रेम’ नावाचा ४ सीडींचा बॉक्स सेट सापडला. मी बारा वर्षं ख्याल शिकते आहे, रॉकच्या वाटेला कधी गेले नव्हते. सेट दोनदा ऐकला आणि एक गोष्ट खटकली. ‘केडन्स अँड कॅस्केड’ हे गाणं मामांच्या एका जुन्या कॅसेटवरही आहे, पण तिथला गळा निराळा आणि सीडीवरचा निराळा वाटतो. माझ्या कानांचा दोष का? शिवाय याच बँडचे सत्तावीस-सत्तावीस डिस्कचे सेट आहेत म्हणे, त्यात तीच गाणी पुन्हापुन्हा. ही चाहत्यांची लूट नाही का? आणि मी ऐकायला सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, मिरज

उत्तर – तुमचे कान शाबूत आहेत, आणि माझ्यापेक्षा तीक्ष्णही. मी हाच सेट १९९३ साली शिकागोच्या मेव्हण्याला गळ घालून मागवला होता. गळा बदललाय हे मला सहा महिने कळलं नव्हतं. बँकेतल्या एका सहकाऱ्याने डब्याच्या सुट्टीत दाखवून दिलं आणि वर विचारलं, “तू नक्की ऐकतोस का नुसता मिरवतोस?”

झालं असं. मूळ गाणं १९७० सालच्या ‘इन द वेक ऑफ पोसायडन’ या अल्बममधलं. तेव्हा बँडचा गायक ग्रेग लेक सोडून जाण्याच्या बेतात होता, म्हणून हे एक गाणं गॉर्डन हॅस्केल गायला. तो गिटारवादक रॉबर्ट फ्रिपचा शाळासोबती. कॅसेटवर तुम्ही ऐकलात तो हॅस्केल. १९९१ मध्ये कारकिर्दीचा आढावा म्हणून ‘फ्रेम बाय फ्रेम’ काढताना फ्रिपने त्याचा आवाज काढून टाकला आणि १९८१ मध्ये बँडमध्ये आलेल्या एड्रियन बिल्यूकडून गाणं नव्याने गाऊन घेतलं. याच सेटमधल्या ‘बोलेरो’त मूळ बेसच्या जागी टोनी लेव्हिनचा बेस घातलाय. तोही पुढच्या काळातला गडी.

म्हणजे वीस वर्षांपूर्वीच्या फोटोतल्या एका माणसाचं डोकं कापून तिथे नव्या जावयाचं डोकं चिकटवल्यासारखं! मला हे तेव्हा मुळीच आवडलं नव्हतं. आजही आवडत नाही. आढावा म्हणायचं आणि इतिहासाला रंगसफेदी करायची, हे कसं चालेल? पण फ्रिपच्या बाजूने एवढं सांगतो की या बँडला ही खोड जुनी आहे. १९७५ च्या ‘यूएसए’ या लाइव्ह रेकॉर्डवरही डेव्हिड क्रॉसचं व्हायोलिन काही ठिकाणी काढून एडी जॉब्सनने स्टुडिओत वाजवलेलं घातलं होतं.

गळ्यापेक्षा मोठा घोटाळा दुसराच आहे. बॉक्सच्या मागे यादी पाहा, काही गाण्यांपुढे ‘संक्षिप्त’ अशा अर्थाचा शब्द छापलाय. ‘स्टारलेस’ त्यातलंच एक. मूळ गाणं बारा मिनिटांचं. सेटमध्ये त्याचा गायलेला भाग संपला की गाणंच संपतं. तुम्ही ख्यालवाल्या, तुम्हाला एका वाक्यात पटेल : मुखडा झाला, आता विस्तार सुरू होणार, आणि कुणीतरी माइक बंद केला.

मूळ ‘स्टारलेस’मध्ये गाणं थांबल्यावर बेसवर तेरा मात्रांचं एक वळण सुरू होतं आणि फ्रिप जवळजवळ एकाच स्वरावर अडून बसतो. मग अगदी थोडा वर सरकतो, पुन्हा तिथेच बसतो. ड्रम्सवर बिल ब्रुफर्ड आधी नुसते खुळखुळे-टकटक करतो, हळूहळू वजन वाढवतो. कितीतरी मिनिटं हे असंच. जीव नुसता टांगलेला. मग एकदम दुगुनीत झेप, सॅक्सोफोन उसळतो, आणि शेवटी सुरुवातीची ती उदास धून पूर्ण ताकदीने परत येते. समेवर येणं म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून सुरुवात कुठून, तर मामांचा बॉक्स सेट तूर्त बाजूला ठेवून १९७४ चा ‘रेड’ हा अल्बम सबंध ऐका. ‘स्टारलेस’ त्यातलं शेवटचं गाणं. त्यानंतर ऑक्टोबर १९६९ चा पहिला, ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिमसन किंग’. मग १९८१ चा ‘डिसिप्लिन’. त्याच्या शीर्षकाच्या तुकड्यात दोन गिटारी एकच आकृती वाजवतात. मध्येच एक जण एक स्वर गाळतो, दोघं एकमेकांपासून सुटत जातात आणि फिरून गाठ पडते. हात आपोआप मांडीवर मात्रा मोजायला लागतो. माझी तर दर वेळी चुकते.

आता लूट. १९७३-७४ चा काळ मांडणारे ‘द रोड टू रेड’ (२०१३, २४ डिस्क) आणि ‘स्टारलेस’ (२०१४, २७ डिस्क) हे सेट पहिल्यांदा पाहिले तेव्हा मीही म्हटलं होतं, धंदा! त्याच दौऱ्यातल्या मैफलींमागून मैफली, त्याच चार-पाच रचना. पण तुमच्याकडे एकाच गायकाचे मारव्याचे किती ध्वनिमुद्रण आहेत? त्यातला एक ठेवून बाकीचे टाकून द्याल?

तुलना अगदी तंतोतंत नाही, ठरलेल्या रचना ते लोक बऱ्याच अंशी ठरल्याप्रमाणेच वाजवत. पण दोन रचनांच्या मधली जागा मोकळी असे. तिथे काय वाजेल हे मंचावरच्या चौघांनाही माहीत नसे. अशा तुकड्यांना पुष्कळदा गावाचंच नाव मिळालं. ‘रेड’मधला ‘प्रॉव्हिडन्स’ म्हणजे ३० जून १९७४ ला अमेरिकेतल्या त्या शहरात जमलेला तुकडा. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये त्या संचाची शेवटची मैफल झाली आणि सप्टेंबरात फ्रिपने बँडच मोडला. ‘रेड’ बाजारात आला तेव्हा बँड नव्हताच.

यातला माझा सगळ्यात लाडका किस्सा २३ नोव्हेंबर १९७३ चा, ॲम्स्टरडॅममधल्या कॉन्सर्टखेबाव सभागृहातला. व्हायोलिन, बेस आणि बासरीच्या आवाजातला मेलोट्रॉन (टेपवर मुद्रित केलेले सूर वाजवणारा कीबोर्ड) असं काहीतरी फार हळुवार सुरू झालं. ब्रुफर्ड काठ्या छातीशी आडव्या धरून बसून राहिला. एक ठोकाही मारला नाही. तुकड्याचं नाव अर्थातच ‘ट्रिओ’. पण रचनाकारांत चौथं नाव ब्रुफर्डचंही आहे, कारण न वाजवण्याचा निर्णय हाही रचनेचाच भाग, असं बाकीच्यांना वाटलं. आमच्या गावच्या हौशी तबलजींना हा किस्सा मी दोनदा सांगून पाहिलाय. गुण आलेला नाही.

गंमत म्हणजे ‘ट्रिओ’ आधी ज्या अल्बमवर आला, तो १९७४ चा ‘स्टारलेस अँड बायबल ब्लॅक’, लोकांनी स्टुडिओतला म्हणून ऐकला. त्यातला बराचसा भाग मैफलींतला आहे, टाळ्या काढून टाकलेल्या. २७ डिस्कच्या मोठ्या पेटीत ती पूर्ण रात्र आहे, टाळ्यांसकट. तो तुकडा कशानंतर आला, कशाच्या आधी आला, हे कळतं. माझ्या मते मोठ्या पेटीचं समर्थन एवढंच, आणि मला ते पुरतं. ज्याला गाणी हवीत त्याने या वाटेला जाऊ नये. ज्याला बैठक हवी त्याने पैसे साठवावेत.

मामांची छोटी पेटी मात्र विकू नका. चौथी सीडी संपूर्ण मैफलींची आहे आणि तिच्यात १९६९ च्या मूळ संचाने वाजवलेला, इंग्रज संगीतकार होल्स्टचा ‘मार्स’ आहे. आणि बिल्यूने गायलेलं ते ‘केडन्स अँड कॅस्केड’ मुद्दाम शोधायला गेलं तर इथे सापडतं. अल्बमच्या पुढच्या आवृत्त्यांवर हॅस्केलच आहे, ते योग्यच झालं.

प्रश्न – ‘रीमास्टर’ आणि ‘रीमिक्स’ यांत फरक काय? दोन्हींचे पैसे वेगवेगळे द्यावेत का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर – रीमास्टर म्हणजे शिजलेल्या आमटीत वरून मीठ-गूळ जुळवणं. रीमिक्स म्हणजे डाळ, फोडणी, चिंच पुन्हा वेगवेगळी घेऊन आमटी नव्याने करणं. पहिल्यात तयार दोन-चॅनेल टेपवर काम होतं, दुसऱ्यात प्रत्येक वाद्याच्या सुट्या ट्रॅकपर्यंत मागे जावं लागतं.

किंग क्रिमसनच्या बाबतीत रीमिक्सचे पैसे जरूर द्या. पहिला अल्बम लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत आठ ट्रॅकवर झाला. आठ भरले की ते मिसळून दुसऱ्या टेपवर कमी ट्रॅकमध्ये उतरवायचे आणि मोकळ्या जागेत पुढचं वाजवायचं, अशी रीत. दर उतरवणीला आवाजावर थोडी धूळ बसते. २००९ मध्ये स्टीव्हन विल्सन या ब्रिटिश संगीतकाराने फ्रिपच्या साथीने रीमिक्स केला तेव्हा उतरवणीच्या आधीच्या टेप्स शोधून त्या एकमेकींशी जुळवल्या. माझ्याकडे साधे दोन स्पीकर आहेत, ५.१ (सहा स्पीकरांची मांडणी) नाही. तरी ‘एपिटाफ’मधल्या मेलोट्रॉनखालचं मायकेल जाइल्सचं ड्रमवादन मी एवढं स्वच्छ आधी ऐकलं नव्हतं.

रीमास्टरसाठी मात्र दर दहा वर्षांनी खिशात हात घालू नका. माझ्याकडे याच अल्बमच्या चार प्रती आहेत, बायकोला दोनच माहीत आहेत.

प्रश्न – असे सेट आता घ्यायचे कुठे? पूर्वी मुंबईला ‘रिदम हाउस’मध्ये निदान हाताळायला मिळायचे.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर – काळा घोड्याचं ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं, तेव्हापासून हाताळणं संपलंच. परदेशातून मागवलात तर छापील किमतीवर टपाल आणि कस्टम ड्यूटी धरा. नवखा असताना मी ती धरली नव्हती आणि पोस्टमनसमोर शेजाऱ्याकडून उसने घ्यावे लागले. जुना सेट घेत असाल तर विकणाऱ्याकडून प्रत्येक डिस्कच्या चकाकत्या बाजूचा फोटो मागवा आणि पुस्तिका आहे का ते विचारा. पेटीत स्पंजचा तुकडा असेल तर घरी आल्याबरोबर काढून टाका. आपल्या पावसाळ्यात तो चिकट होतो आणि डिस्कला धरतो. माझी एक अशीच गेली, आणि नेमकी ॲम्स्टरडॅमची.