रक्त घुसळायचं की निवळून घ्यायचं?

नौपाड्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणाऱ्या ताईंची शंका आहे. रुग्णांना द्यायच्या मराठी पत्रकात त्यांनी लिहिलं, 'तुमचं रक्त यंत्रात घुसळून सिरम वेगळं काढलं जातं.' (सिरम म्हणजे गोठलेल्या रक्तातून सुटणारा पिवळसर द्रव.) सहकाऱ्याला 'घुसळून' खटकलं. त्याऐवजी 'अपकेंद्रित करून' लिहावं का, असं त्या विचारतात.

सहकाऱ्याचा कान बरोबर आहे. पण 'अपकेंद्रित'ही नको.

घुसळण्यात ढवळणं आलं, आदळआपट आली. रवी फिरते ती स्निग्धाचे कण एकमेकांवर आपटून त्यांचा गोळा व्हावा म्हणून. सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे लॅबमधल्या त्या फिरत्या यंत्रात, नळी गरगर फिरते खरी, पण आतलं रक्त नळीच्या मानाने शांत असतं. दुधाच्या धंद्यात तर ही दोन कामं दोन वेगळ्या यंत्रांची. स्वीडनच्या गुस्ताफ द लावाल यांनी 1878 मध्ये दुधातून मलई वेगळी करणारं सेपरेटर बनवलं, ते सेंट्रिफ्यूजच. त्यातून मलई निघते; लोणी हवं असेल तर ती मलई पुढे घुसळावीच लागते. आणि रक्त खरोखरच घुसळलं तर लाल पेशी फुटतील, सिरम लालसर होईल, पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसेल. तुमच्या रुग्णाला असलं आश्वासन कशाला?

या क्रियेला मराठीत नेमका शब्द आहे: निवळणे. गढूळ पाणी निवळतं म्हणजे जड कण तळाशी बसतात आणि वर स्वच्छ पाणी उरतं. रक्तही आपोआप निवळतं. ईएसआर चाचणीत तुम्ही तेच तर मोजता, उभ्या नळीत लाल पेशी तासाभरात किती मिलिमीटर खाली गेल्या ते. सेंट्रिफ्यूज तीच गोष्ट घाईने करतं. नळीचं टोक अक्षापासून 10 सेंटिमीटरवर असेल आणि यंत्र मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर तिथे गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 1000 पट जोर लागतो. म्हणून काम काही मिनिटांत उरकतं.

शिवाय या क्रियापदाबरोबर सगळं कुटुंब आयतं मिळतं. तळाशी बसतो तो साका. वरचा नितळ द्रव ती निवळी; 'चुन्याची निवळी' आपण शाळेत वापरलेलीच असते. तेव्हा पत्रकात लिहा: 'गोठलेलं रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये वेगाने फिरवून निवळून घेतात आणि वरचं सिरम तपासतात.' यंत्राचं नाव तसंच ठेवा. 'अपकेंद्रित्र' वाचून रुग्ण तुम्हालाच विचारायला येईल. जांभळ्या टोपणाच्या, सीबीसीच्या (रक्तपेशी मोजण्याच्या चाचणीच्या) नळीबद्दल लिहिताना मात्र 'हलक्या हाताने मिसळतात' म्हणा, कारण तिथे निवळलेलं चालतच नाही.

'अपकेंद्री' हा शब्द चुकीचा नाही. अप म्हणजे दूर, केंद्रापासून दूर जाणारं. त्याचा जोडीदार 'अभिकेंद्री', म्हणजे केंद्राकडे ओढणारं. भौतिकशास्त्रात ही जोडी हवीच. पण ती बलाचं नाव सांगते, रक्ताचं काय होतं ते सांगत नाही.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या किंवा तळोज्याच्या औषध कारखान्यातला कोणी हे वाचत असेल तर तो हरकत घेईल, आणि ती रास्त असेल. त्याच्याकडचं बास्केट सेंट्रिफ्यूज निवळत नाही. भोकं असलेल्या फिरत्या टोपलीत कापडी पिशवी असते. द्रव कापडातून बाहेर फेकला जातो, त्याला ते 'एमएल' (मदर लिकर) म्हणतात, आणि आत स्फटिकांचा ओला 'केक' उरतो. हे काम चक्का बांधण्याच्या जवळचं, फक्त टांगून ठेवायला वेळ नाही. तिथे 'गाळणे' किंवा 'पिळून काढणे' शोभेल. सांडपाण्याच्या प्लांटमधलं डिकँटर सेंट्रिफ्यूज मात्र गाळ बसवूनच वेगळा करतं, म्हणजे यंत्राचं आडनाव तेच असून तिथे पुन्हा 'निवळणे' चालेल. नावापेक्षा आत कापड आहे की नाही हे आधी बघा.