वाचकांचे प्रश्न : उंचावर राहणाऱ्यांनी टीव्ही कुठला घ्यावा?

प्रश्न : नमस्कार. आमच्या ह्यांची बँकेत बदली झालीय, नाशिकहून थेट लेहला, तीन वर्षांसाठी. सासूबाईपण येणारेत, त्यांना संध्याकाळी मराठी सिरियल लागतातच. इथला दुकानदार म्हणतो एवढ्या उंचीवर साधा टीव्ही चालतच नाही, हाय अल्टिट्यूडवाला स्पेशल मॉडेल मागवावं लागेल आणि किंमत पार दीडपट सांगतोय. खरंच असं काही असतं का? आणि इथूनच टीव्ही नेला तर घाटात वर चढताना पॅनल फुटेल का? घरी रेकॉर्डिंगवाला सेटटॉप बॉक्स आहे, तो न्यावा का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, दीडपट पैसे देऊ नका. घरगुती टीव्हीत उंचीसाठी म्हणून वेगळं मॉडेल दुकानात मिळत नाही, पण दुकानदाराच्या बोलण्यात थोडं तथ्य मात्र आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

लेह साधारण ३५०० मीटरवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम ६५ टक्के असतो, म्हणजे हवा पातळ. याचे टीव्हीवर दोन परिणाम होतात. पहिला म्हणजे गरम झालेला टीव्ही थंड व्हायला हवाच लागते, मागच्या जाळीतून गरम हवा वर जाते आणि खालून गार हवा आत येते, ती हवाच विरळ असली की तेवढी उष्णता वाहून नेत नाही आणि आतले भाग नाशिकपेक्षा जास्त तापतात, खोलीत थंडी असली तरीसुद्धा. दुसरा परिणाम विजेचा. दोन तारांमधली किंवा सर्किटवरच्या दोन बिंदूंमधली हवा ही इन्सुलेशनचं काम करते, पातळ हवेतून ठिणगी लवकर उडते, म्हणून जास्त उंचीसाठी पॉवर सप्लाय बनवताना हे अंतर वाढवावं लागतं. सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकात २००० मीटरपर्यंतचं अंतर पाया धरलंय, ३००० मीटरला ते १.१४ पट, ४००० ला १.२९ पट आणि ५००० मीटरला १.४८ पट लागतं.

म्हणून दुकानात पिक्सेल आणि स्पीकर बघायच्या आधी मॅन्युअल मागा. शेवटच्या पानांत जिथे तापमान, आर्द्रता वगैरे दिलेलं असतं तिथे वापराची कमाल उंची लिहिलेली असते का बघा, काही मॉडेल्सना २००० मीटर असते, काहींना ३००० किंवा ५०००. तुम्हाला ५००० वाला घ्यायचा आहे. आकडा दिलेलाच नसेल तर कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल टाका आणि उत्तर लेखी घ्या, उद्या वॉरंटीचा वाद झाला तर तोच कागद कामाला येईल. दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

कुठल्या प्रकारचा घ्यायचा तर साधा एलईडी, ४३ इंची पुरे. पॅनलमध्ये कुठलाही कोंडलेला गॅस नसतो, त्यामुळे घाटात फुटायची भीती मनातून काढून टाका, मनालीच्या रस्त्याने ‘टागलांग ला’ नावाची खिंड ५३०० मीटरच्या वर आहे तिथूनही बंद खोक्यातला टीव्ही नीट जातो. फुटतो तो हादऱ्याने, म्हणून खोकं उभंच ठेवायचं, आडवं टाकून त्यावर बॅगा रचायच्या नाहीत. ओएलईडीलाही दाबाचा त्रास नाही पण तो महाग आणि तिथे बिघडला तर दुरुस्तीला कुठे नेणार. खूप ब्राइट म्हणून जाहिरात केलेले मोठे मॉडेल्स मी तरी टाळेन, जेवढा उजेड जास्त तेवढी उष्णता जास्त. ब्राइटनेस थोडा कमी ठेवा, भिंतीपासून आणि बाजूंनी निदान १० सेंटीमीटर जागा सोडा, लाकडी कपाटात कोंबू नका, आणि बुखारीपासून, म्हणजे खोली तापवायच्या शेगडीपासून, लांब ठेवा. लडाखी घरात शेलखांग म्हणजे काचेची उन्हाची खोली असते, हिवाळ्यात सगळे तिथेच बसतात, पण तिथलं ऊन फार कडक असतं, टीव्हीवर ते थेट पडू देऊ नका.

माझं मत विचाराल तर टीव्ही लेहच्या मार्केटमधूनच घ्या. चार पैसे जास्त जातील पण त्या दुकानदाराने तेच मॉडेल गावात विकलेलं असतं, दोन हिवाळे कसं चाललं ते तो सांगू शकतो आणि काही झालं तर माणूस समोर असतो. घेताना सर्व्हिसचा माणूस लेहमध्येच राहतो की श्रीनगरहून येतो हे नक्की विचारा, कारण हिवाळ्यात रस्ते बंद असले की श्रीनगरहून कोणी येत नाही.

नाशिकहूनच न्यायचा असेल तर एक गोष्ट पाळाच. थंडीत ट्रकमधून गारठून आलेला टीव्ही उबदार खोलीत आणून लगेच प्लगला लावू नका. गार पॅनलवर आणि आतल्या सर्किटवर दमट हवेचं पाणी धरतं आणि त्यात करंट सोडला की खेळ खलास. खोकं न उघडता रात्रभर खोलीत राहू द्या, सकाळी लावा. फार गार झालेला पॅनल सुरुवातीला हळू चालतो, चित्र ओढल्यासारखं दिसतं, खोली तापली की ते आपोआप ठीक होतं.

आता विजेचं, आणि हे मला उंचीपेक्षाही महत्त्वाचं वाटतं. २०१९ मध्ये श्रीनगर ते लेह लाइन सुरू झाली आणि लेह देशाच्या ग्रिडला जोडलं गेलं, त्याने पुष्कळ सोय झाली, पण वीज जाणं-येणं अजून आहेच. आजकालचे बहुतेक टीव्ही १०० ते २४० व्होल्टवर चालतात त्यामुळे व्होल्टेज कमी झालं तर फारसं बिघडत नाही, बिघडतं ते वीज परत येतानाच्या झटक्याने. लाइट गेली की प्लग काढून ठेवायची सवय सासूबाईंनाही लावा आणि चांगला सर्ज प्रोटेक्टर घ्या. घरमालकाला अर्थिंग तपासून द्यायला सांगा, तिथली जमीन कोरडी आणि दगडगोट्यांची, अशा जमिनीत अर्थिंग नीट लागत नाही आणि मग प्रोटेक्टर असून नसल्यासारखा.

सेटटॉप बॉक्स मात्र नेऊ नका. त्यात हार्ड डिस्क असते आणि हार्ड डिस्कचं हेड फिरत्या तबकडीवर हवेच्या अगदी बारीक थरावर तरंगतं, हवा पातळ झाली की ते खाली येऊन तबकडीला घासू शकतं. बहुतेक साध्या हार्ड डिस्कची वापराची मर्यादा ३०४८ मीटर म्हणजे १०,००० फूट असते, लेह त्याच्या वर. तिथे साधा बॉक्स घ्या आणि रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर होत असेल तर तसं करा, पेन ड्राइव्हमध्ये फिरणारं काही नसतं. घरात जुना लॅपटॉप असेल तर त्याचंही हेच, एसएसडी म्हणजे पेन ड्राइव्हसारखी न फिरणारी डिस्क असेल तर काळजी नाही, हार्ड डिस्क असेल तर जायच्या आधी बॅकअप घ्या. डिश लावताना दक्षिणेकडचं आकाश मोकळं हवं, आणि बर्फ पडला की मऊ झाडूने झटकता येईल अशा जागी ती बसवून घ्या.

प्रश्न : आम्ही डेन्व्हरला राहतो. मित्र त्याचा ५० इंची जुना प्लाझ्मा फुकट देतोय, आम्ही ब्रेकेनरिजच्या छोट्या घरात ठेवायचा विचार करतोय. चालेल?
— एक वाचक, कोलोरॅडो

उत्तर : ब्रेकेनरिजला नको. प्लाझ्माच्या काचांमध्ये निऑन-झेनॉनसारखे वायू बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाबाने भरलेले असतात आणि बाहेरची हवा काचा दाबून धरते. ब्रेकेनरिज २९०० मीटरच्या आसपास आहे, तिथे तो दाब उरत नाही, काचा थरथरतात आणि सतत गुणगुणल्यासारखा आवाज येतो, शांत सीनमध्ये तर डोकं उठतं. डेन्व्हर १६०९ मीटरवर आहे, तिथल्या घरात बहुतेक ठीक चालेल, पण वीज भरपूर खातो आणि पॅनासोनिक, सॅमसंग, एलजी सगळ्यांनी २०१३-१४ मध्येच प्लाझ्मा बनवणं बंद केलं, पार्ट मिळणार नाहीत. वरच्या घरासाठी एलईडीच घ्या.

प्रश्न : महाबळेश्वरला टीव्हीला उंचीचा त्रास होतो का?
— एक वाचक, वाई

उत्तर : नाही हो. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, तेसुद्धा १६४६ मीटर, म्हणजे आपल्याकडे २००० मीटर कुठेच होत नाहीत. तुमचा शत्रू पावसाळा आहे. जून ते सप्टेंबर टीव्ही बंद ठेवून वर प्लास्टिक घालू नका, आत ओल धरते. रोज तास-दीड तास चालू ठेवा, ओलसर भिंतीला चिकटवून लावू नका, आणि वळवाच्या गडगडाटात प्लगबरोबर डिशची वायरसुद्धा काढा.