कोल्हापुरात राहून डबल बास वाजवत आणि शिकवत पोट भरेल का?

तू बारावीत आहेस, म्हणून 'तू'च म्हणतो. गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात दोन वर्षं बास गिटार वाजवतोयस आणि आता डबल बास, म्हणजे उभं धरून वाजवायचं माणसाएवढं व्हायोलिनसारखं वाद्य, शिकून त्यावर जगता येईल का, असं विचारलंयस. मी शाहूपुरीत राहतो, एकवीस वर्षं हेच करतोय. पोट भरतं. पण ते भरतं शिकवणीवर, आणि वाजवायला अजूनही मुंबई गाठावी लागते. हे दोन्ही चालणार असेल तरच पुढचं वाच.

गिटार येते म्हणजे अर्धं काम झालं, असं तुला बरेच जण सांगतील. तारा त्याच आहेत हे खरं: ई, ए, डी, जी. पण गिटारची तार साधारण ८६ सेंटीमीटर, डबल बासची १०५च्या आसपास, आणि पडदे नाहीत. गिटारवर एका जागी हात ठेवून चार पडदे सापडतात. इथे खालच्या पट्टीत पहिल्या बोटापासून करंगळीपर्यंत फक्त एक पूर्ण स्वर, म्हणजे सा ते रे एवढं अंतर, बसतो. तिसरं बोट एकटं वापरत नाहीत, ते करंगळीला जोर द्यायला तिच्यासोबत दाबायचं. ही पद्धत डबल बासवादक फ्रान्झ सिमांडल यांनी एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नात शिकवली आणि आजही बहुतेक ठिकाणी सुरुवात तिथूनच होते. म्हणजे साधी सरगम वाजवतानासुद्धा हात सतत वरखाली सरकत राहणार. गिटारची सवय पहिले सहा महिने आड येते. माझ्याही आली होती.

सुराचं मात्र जरा सविस्तर सांगतो, कारण इथे आपल्या गावाचा खरा उपयोग होतो. सगळ्यात खालची ई साधारण ४१ हर्ट्झची. इतक्या खाली सूर किंचित हलला तरी कानाला पटकन कळत नाही. म्हणून जाणते वादक बास मोकळ्या तारांवर न लावता हार्मोनिक्सवर, म्हणजे तार न दाबता नुसतं बोट टेकवून निघणाऱ्या वरच्या सुरांवर, लावतात: ई तारेच्या एक चतुर्थांशावर बोट नुसतं टेकवायचं, ए तारेच्या एक तृतीयांशावर टेकवायचं, दोन्हींतून वरची तीच ई ऐकू आली पाहिजे. मला हे पहिल्यांदा दाखवलं तेव्हा नवीन वाटलंच नाही. बाबा मला लहानपणी देवल क्लबात गाणं ऐकायला न्यायचे. खर्जाच्या तारेतून वरचे सूर कसे उमलतात ते मी गाणं सुरू होण्याआधीच, तंबोरे जुळवताना ऐकत बसायचो. अल्लादिया खाँसाहेबांच्या गावात वाढलेल्या मुलाला एवढा कान आयता मिळतो, तो वाया घालवू नये. माझे विद्यार्थी रोज पहिली वीस मिनिटं तंबोरा लावून फक्त मोकळ्या तारांवर लांब बो (गज) ओढतात. मग ए तारेवर ई धरायची. सूर चुकला की लाटा ऐकू येतात. बरोबर लागला की लाटा थांबतात आणि वाद्याची पाठ पोटाला लागून थरथरते. ती थरथर एकदा कळली की बोटं आपोआप तिकडेच जाऊ लागतात.

आता पैशाचं. फक्त डबल बास शिकणारे माझ्याकडे तिघं आहेत. बाकीचे बास गिटारचे, काही स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) शिकणारे, दोघं-तिघं ऑनलाइन. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षांच्या आठ ग्रेड असतात, त्यांच्या तयारीला मुलं येतात. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्राची सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ साली उभी राहिली. तिचे वर्षाला दोन हंगाम, आणि त्यातले बरेच वादक परदेशातून येतात, म्हणून तिच्यावर विसंबून घर चालवायचा विचार करू नकोस. पूर्वी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला बासवाल्यांना भरपूर काम होतं. कीबोर्ड आल्यावर ते आटलं. मी जॅझचे कार्यक्रम करतो, डिसेंबरात चर्चच्या क्वायरसोबत वाजवतो. महालक्ष्मी एक्सप्रेसमधून बास नेणं फार त्रासाचं, म्हणून एक वाद्य मुंबईत मित्राकडे ठेवलंय आणि एक इथे. बो मात्र एकच, तो माझ्यासोबत जातो-येतो.

वाद्य सांभाळणं हाही कामाचाच भाग आहे. जून लागला की पुढची फळी फुगते, तारा बोटांपासून उंच जातात. मार्च-एप्रिलात लाकूड आकसतं आणि कडेचा सांधा सुटतो. तो सुटावा म्हणूनच सरसाने चिकटवलेला असतो. सांधा सुटला नाही तर लाकूड फाटतं. माझा एक सांधा एका दुकानात पांढऱ्या गोंदाने पक्का करून दिला होता. पुढच्या उन्हाळ्यात फळीलाच वीतभर चीर गेली. शेवटी मिरजेच्या एका सतारमेकरांनी ती जुळवली. त्यांनी डबल बास आधी कधी हातात घेतला नव्हता, पण फळीवर बोटाने टकटक करून त्यांनी आधी ऐकलं, मग सरस तापवायला ठेवला. चार दिवसांनी बास घेऊन आलो तेव्हा ए तार पहिल्यापेक्षा मोकळी वाजत होती. पहिला बास प्लायवूडचा घे, असं मी यामुळेच सांगतो. आपल्या पावसाला तो टिकतो.

शिकवणं हे वादनात न जमलेल्यांचं काम असं समजू नकोस. इचलकरंजीहून चौदा वर्षांची एक मुलगी दर रविवारी एसटीने येते. हात लहान, म्हणून तिला अर्ध्या मापाचा बास दिलाय. गेल्या महिन्यात तिने फ्रेंच संगीतकार सेंट-साँसचा 'हत्ती' पियानोसोबत सलग वाजवला. १८८६ सालची ही रचना, सगळी चाल बासकडेच. एरवी सगळ्यांच्या मागे उभं राहणारं वाद्य तिच्या हातात पुढे आलेलं पाहताना मला जे वाटलं, ते मुंबईतल्या कुठल्याच कार्यक्रमात वाटलेलं नाही.

तेव्हा लगेच बास विकत घेऊ नकोस. ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे महिनाभर जा, मोकळ्या तारा ओढ, खांदा कुठे दुखतो ते बघ. जर्मन बो खालून धरतात, फ्रेंच वरून; दोन्ही धरून पाहा आणि हाताला जो जड वाटणार नाही तो निवड. पैसे साठले की आधी तो बो घे. बास उसना मिळतो.