सगळं मेंदूच करतो, मग संस्कार कशाला?

प्रश्न : पक्षाघातानंतर माझे वडील शिव्या देऊ लागले. आयुष्यात कधी ‘अरे’ म्हणाले नाहीत कुणाला! मुलगा म्हणतो, ‘आजोबांचे संस्कार म्हणजे नुसत्या पेशी होत्या.’ खरं का हे? – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, मी तीस वर्षं शरीरक्रियाशास्त्र शिकवलं. दरवर्षी एखादा पोरगा हेच विचारायचा, बहुधा शेवटच्या बाकावरून.

रॉजर स्पेरी हे अमेरिकन शास्त्रज्ञ. अपस्मारासाठी ज्यांच्या मेंदूच्या दोन गोलार्धांमधला दुवा कापला होता, अशा रुग्णांना त्यांनी तपासलं. डाव्या बाजूला क्षणभर चमच्याचं चित्र दाखवलं तर रुग्ण म्हणे, ‘काहीच दिसलं नाही.’ आणि त्याचाच डावा हात पडद्यामागे चाचपून चमचा उचलून दाखवी! कारण डावीकडचं चित्र उजव्या गोलार्धाला दिसतं, डावा हातही तोच चालवतो; पण बोलतो बहुधा डावा गोलार्ध, आणि त्याला कापलेल्या दुव्यामुळे काही कळलेलंच नसतं. या कामाला 1981 चं नोबेल मिळालं.

एवढा मेंदू पाहिलेला हा माणूस मात्र ‘नुसत्या पेशी’ म्हणायला तयार नव्हता. त्यांचा दाखला चाकाचा. चाक उतारावरून घरंगळतं तेव्हा त्यातला कण न् कण चाकाच्या चालीनं फिरतो. तसे विचार आणि मूल्यं पेशींतूनच उपजतात, पण मग पेशींना वळणही लावतात. सगळ्यांना हे पटलेलं नाही. मला बरंचसं पटतं.

वडिलांचं म्हणाल, तर कपाळामागचा भाग दुखावला की जिभेचा लगाम सुटतो. शिव्या मनावर घेऊ नका. मेंदूविकारतज्ज्ञांना मात्र त्या जशाच्या तशा सांगा, लाजू नका. आणि नातवाला आजोबांजवळ बसवा, जुने फोटो घेऊन.