कोकणातल्या राजकीय सीमा कशा बदलत गेल्या, हे जुन्या नोंदींवरून कसं अभ्यासावं?

पेशवाईपासून आजपर्यंतच्या सीमा दाखवायला जुने नकाशे पुरतील का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते नकाशा शेवटी काढा. आधी गावांची यादी करा: गाव, तालुका, अंमल कोणाचा, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, आणि ही माहिती कुठे मिळाली. कारण आपल्याकडे सत्ता बदलली ती बहुधा गावागावांनी. १७५६ च्या तहात पेशव्यांनी बाणकोट आणि आसपासची काही गावं इंग्रजांना दिली आणि विजयदुर्ग घेतला. इतका लहान तुकडा मोठ्या प्रमाणाच्या नकाशाशिवाय दिसणारच नाही. इंग्रजी कागदांत विजयदुर्ग 'घेरिया' आणि बाणकोट 'फोर्ट व्हिक्टोरिया' म्हणून येतात, तेव्हा जुन्या नावांसाठी वेगळा रकाना ठेवाच.

आकड्यांत खरा धोका आहे. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १९७१ ला जवळपास २० लाख आणि १९९१ ला सुमारे साडेपंधरा लाख. हे पाहून कुणी 'चाकरमानी मुंबईला गेले म्हणून घट' असं लिहून मोकळा होईल. मुंबईला माणसं गेलीच, पण हा आकडा पडला तो १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा झाल्यामुळे. सिंधुदुर्गचे सव्वाआठ लाख मिळवले की १९९१ ची बेरीज पावणेचोवीस लाखांच्या घरात जाते, म्हणजे जुन्या हद्दीत वाढच आहे. ठाण्याचंही तसंच. २०११ च्या जनगणनेतल्या ठाणे जिल्ह्यात २०१४ ला वेगळा झालेला पालघर धरलेला आहे. म्हणून कुठलेही दोन आकडे शेजारी ठेवण्याआधी हद्द एक करून घ्या.

गॅझेटिअर, म्हणजे इंग्रज सरकारने छापलेले जिल्हावार माहितीचे ग्रंथ, जरूर वापरा, पण जपून. १८८० च्या खंडात रत्नागिरी आणि सावंतवाडी एकत्र छापलेत, म्हणून कारभारही एक होता असं समजू नका. सावंतवाडी १९४८ पर्यंत संस्थान होतं. तिथलं एखादं गाव जागचं न हलता आधी संस्थानात, मग मुंबई राज्यातल्या रत्नागिरी जिल्ह्यात, १९६० ला महाराष्ट्रात आणि १९८१ ला सिंधुदुर्गात आलं. जंजिऱ्याभोवती तर १८व्या शतकात काही महालांचा (महाल म्हणजे महसुली विभाग) वसूल जंजिऱ्याचे सत्ताधीश सिद्दी आणि मराठे वाटून घेत. अशा गावांपुढे एकच मालक लिहू नका, दोघांचीही नावं लिहा. मला तरी या अभ्यासातला सगळ्यात मोलाचा भाग हाच वाटतो, आणि नकाशावर रंग भरताना तोच आधी पुसला जातो.

नदीला डोळे झाकून सीमा मानू नका. तेरेखोल किल्ला नदीच्या उत्तरेला, महाराष्ट्राच्या बाजूला असूनही गोव्यात आहे, कारण १७४६ ला तो पोर्तुगीजांनी घेतला.

सुरुवात वेंगुर्ल्यापासून करा. वेंगुर्लं १८१२ ला सावंतवाडीकरांकडून इंग्रजांकडे गेलं, पण शेजारची कितीतरी गावं संस्थानातच राहिली. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकांतल्या गावयाद्या जुन्या याद्यांशी एकेका नावाने ताडून पाहा. हा एक तालुका नीट जुळला की पुढचे भरभर होतात.