वाचकांचे प्रश्न : बारा किल्ले आणि शनिवार-रविवार

प्रश्न : जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला, तेव्हापासून आम्ही दोघे नवरा-बायको ही यादी पूर्ण करायला निघालो आहोत. नोकरीमुळे शनिवार-रविवारच हाताशी असतात. शिवनेरी आणि लोहगड आम्ही एकाच दिवसात उरकले. याच वेगाने सहा महिन्यांत सगळे किल्ले होतील का, आणि कोणते किल्ले जोडून करावेत? कधी कधी माझी अडुसष्ट वर्षांची आईही बरोबर असते.
– एक वाचक, पुणे

उत्तर : सहा महिन्यांत होतील, मात्र ते सहा महिने नोव्हेंबर ते एप्रिल हेच असायला हवेत. खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे तिन्ही किल्ले बेटांवर आहेत आणि पावसाळ्यात तिथे होड्या जात नाहीत. म्हणून वेळापत्रक आखताना आधी हे तीन किल्ले मांडावेत आणि उरलेल्या शनिवार-रविवारी डोंगरी किल्ले बसवावेत. मे महिन्याच्या शेवटी मालवणला पोहोचून, समुद्र खवळल्यामुळे दोन दिवस धक्क्यावरूनच सिंधुदुर्गाकडे पाहत बसण्याची वेळ माझ्यावर आलेली आहे.

सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग एखाद्या जोडून आलेल्या तीन दिवसांच्या सुट्टीसाठी राखून ठेवावेत. मालवणला मुक्काम करून सकाळच्या पहिल्या होडीने सिंधुदुर्ग पाहावा आणि दुसऱ्या दिवशी देवगडमार्गे विजयदुर्ग गाठावा. विजयदुर्गाला गाडीरस्ता असल्यामुळे तिथे होडीची चिंता नाही. हर्णैचा सुवर्णदुर्ग स्वतंत्र शनिवार-रविवारी करावा. तिथे बहुधा गुडघाभर पाण्यात उतरून किनारा गाठावा लागतो, त्यामुळे त्या फेरीला आईंना हर्णैलाच थांबू देणे बरे. महादरवाजाच्या पायरीवर कोरलेले कासव आणि भिंतीवरचा मारुती पाहिल्याशिवाय परत फिरू नये.

खांदेरीसाठी थळच्या किनाऱ्यावरून होडी आधी ठरवून ठेवावी. या किल्ल्यावरून समोरच उंदेरी दिसते. उंदेरी यादीत नाही, पण तिच्याकडे पाहिल्याशिवाय खांदेरीचे महत्त्व लक्षात येत नाही. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी असलेल्या या बेटावर बांधकाम सुरू केले, इंग्रजांनी ते थांबवण्यासाठी जहाजे धाडली, आणि पुढच्याच वर्षी जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडले. दोन बेटांमधली ती पाण्याची चिंचोळी पट्टी डोळ्यांसमोर असली की हा सगळा झगडा आपोआप उलगडतो. परतताना ओहोटीची वेळ साधली तर अलिबागचा कुलाबा किल्लाही चालत जाऊन पाहता येईल; यादीत नाही एवढ्याच कारणाने तो वगळू नये, असे मला मनापासून वाटते.

आता आपण 'उरकले' असे लिहिले आहे, त्याविषयी. या बारा किल्ल्यांत डोंगरी, वनातले, पठारावरचे, किनाऱ्यावरचे आणि बेटावरचे असे निरनिराळे प्रकार मुद्दाम घेतलेले आहेत, कारण नोंद झाली आहे ती एकेका वास्तूची नसून डोंगरापासून समुद्रापर्यंत पसरलेल्या एका संरक्षणव्यवस्थेची. आणि ही व्यवस्था किल्ल्याच्या माथ्यावर उभे राहून काढलेल्या छायाचित्रात सापडत नाही. लोहगडाला पुन्हा एकदा जावे आणि गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा हे चार दरवाजे सावकाश चढावेत. वाट कशी वळते आणि प्रत्येक वळणावर आपण वरच्या तटाच्या माऱ्यात कसे येतो, ते पाहावे. पुण्याहून लोकलने मळवलीला उतरून, भाजे लेणी पाहून वर जाता येते. पावसाळ्यातला रविवार मात्र टाळावा, कारण त्या गर्दीत दरवाजाजवळ दोन मिनिटे थांबणेही अवघड होते.

राजगडाला पूर्ण दिवस द्यावा. गुंजवण्याहून पहाटे निघून पद्मावती माचीवर न रेंगाळता थेट संजीवनी माचीकडे जावे. तिथे बुरुजाबाहेर दुसरा बुरूज, तटाबाहेर दुसरा तट असे चिलखती बांधकाम आहे. दोन भिंतींमधल्या अरुंद, अंधाऱ्या पायऱ्यांनी खाली उतरताना खांदे दगडाला घासतात. बाहेरचा बुरूज ढासळला तरी आतला उभा राहावा आणि आत शिरलेला शत्रू त्या बोळात कोंडला जावा, ही योजना तिथे वाचून नव्हे तर अंगाला भिडून कळते.

रायगड आणि प्रतापगड ही जोडी योग्य आहे. पाचाडला मुक्काम करावा, जिजाऊंच्या समाधीचे दर्शन घ्यावे, रायगडाला अख्खा शनिवार द्यावा आणि रविवारी पोलादपूरहून आंबेनळी घाटाने प्रतापगडावर जावे. रायगडाला रोपवे असल्याने आई येऊ शकतील. पन्हाळ्यावर थेट गाडी जाते आणि अंबरखाना, तीन दरवाजा, सज्जाकोठी ही ठिकाणे थोड्या चालण्यात होतात, त्यामुळे त्यांच्यासाठी तो सर्वांत सोयीचा आहे. बागलाणातल्या साल्हेरला मात्र त्यांना नेऊ नये. १५६७ मीटर उंचीचा हा राज्यातला सर्वांत उंच किल्ला आहे. चढ लांब असून शेवटचा टप्पा दमवणारा आहे. पुण्याहून शुक्रवारी रात्रीच निघावे, चढाई शनिवारी करावी आणि रविवार परतीला ठेवावा.

प्रश्न : याच यादीतला तमिळनाडूतला जिंजी किल्ला बंगळुरूहून दोन दिवसांत होतो का?
– एक वाचक, बंगळुरू

उत्तर : निश्चित होतो. शनिवारी तिरुवण्णामलैला मुक्काम करावा. तिथून जिंजी सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे. हा किल्ला म्हणजे तीन टेकड्या आणि त्यांना जोडणारा तट. त्यांपैकी राजगिरीची चढण उन्हात फार त्रास देते, म्हणून किल्ला उघडताच तिच्यापासून सुरुवात करावी आणि पाणी भरपूर न्यावे. शिखराजवळ कड्याला एक खोल भेग आहे, ती पुलावरून ओलांडावी लागते. १६७७ मध्ये शिवाजी महाराजांनी हा किल्ला घेतला आणि १६८९ मध्ये राजाराम महाराज रायगडाकडून निघून इथवर आले ते याच दुर्गमतेच्या भरवशावर; मोगलांना तो १६९८ मध्ये मिळाला, तेव्हा राजाराम महाराज आधीच निसटलेले होते. त्या पुलावर थांबून खाली पाहावे, मग उतरून कल्याण महाल आणि धान्यकोठारे पाहावीत. दुपारच्या जेवणानंतर निघालात तर रात्रीपर्यंत बंगळुरूला पोहोचाल.